नीरेच्या काठचे मीठ

बारामतीहून इंदापूरकडे जाताना भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन अशी गावे लागतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस असतो. मार्च-एप्रिलमध्ये या हिरव्या रानांतून नजर फिरवली, की मधूनच एखादा पांढुरका पट्टा दिसतो. तिथे ऊस गुडघ्याएवढाच राहिलेला असतो किंवा मुळीच नसतो. पहाटे असा पट्टा ओलसर काळा दिसतो आणि उन्हे चढली की त्यावर पिठी भुरभुरल्यासारखा थर येतो. शेतकरी म्हणतात, ‘मीठ फुटलंय.’

लासुर्ण्याजवळच्या एका शाळेत आम्ही हा थर एका बशीत घालून मुलांपुढे ठेवला आणि हे काय असेल, असे विचारले. ‘मीठ’, ‘खत’, ‘चुना’, ‘सोडा’ अशी चार उत्तरे आली. गंमत अशी, की थोड्याफार फरकाने चारही उत्तरांत तथ्य होते. पण मागच्या बाकावरच्या एका मुलीने जे विचारले, त्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. ती म्हणाली, ‘सर, हे आधीपासून होतं, का पाणी आल्यावर आलं?’

हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच खोऱ्यात एका रसायनशास्त्रज्ञाला पडला होता.

पाणी आले

इंदापूर तालुका पर्जन्यछायेत येतो. पाऊस वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. 1876-77 च्या मोठ्या दुष्काळाने या भागाची दैना केली. त्या दुष्काळाच्या काळात नीरा डाव्या कालव्याचे काम सुरू झाले आणि 1885 च्या सुमारास कालव्यातून पाणी वाहू लागले. भाटघरला धरण, वीरजवळ बंधारा आणि तिथून बारामती-इंदापूरकडे येणारा कालवा अशी ही योजना होती. पुढे भाटघरला अधिक मोठे धरण बांधले गेले. ते 1928 मध्ये पूर्ण झाले.

पाणी आले तशी बाजरी-ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला आणि गुळाची गुऱ्हाळे सुरू झाली. काही वर्षे सोन्याची गेली. मग कालव्याच्या खालच्या अंगाच्या, सखल, चांगल्या काळ्या जमिनी हळूहळू बिघडू लागल्या. आधी विहिरींचे पाणी वर आले. लोकांना त्याचा आनंदच झाला असेल. नंतर रान उपळू लागले, पाय रुतू लागले आणि शेवटी पांढरा थर आला.

पाण्याच्या वाटपात काहीतरी चुकते आहे, हे अभियंत्यांच्याही लक्षात आले होते. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याकडे पाटबंधारे खात्यात होते. नीरा कालव्यावर त्यांनी ‘ब्लॉक पद्धत’ आणली. कालव्याखालच्या रानाचे ठरावीक गट पाडायचे, गटातल्या ठरावीक भागातच ऊस घ्यायचा आणि बाकीच्या भागात कमी पाण्याची पिके फिरवायची, असा तिचा गाभा होता. म्हणजे थोड्या लोकांना मोकाट पाणी देण्याऐवजी अधिक गावांना बेताचे पाणी. त्यांनी हे पाण्याचे गणित म्हणून मांडले. आता त्याच गणिताची रासायनिक बाजू पाहू.

कॉलेजचा प्राचार्य रानात

हॅरल्ड हार्ट मॅन यांचा जन्म 1872 सालचा, इंग्लंडमधला. शिक्षणाने ते रसायनशास्त्रज्ञ. 1900 मध्ये ते चहामळ्यांचे वैज्ञानिक अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आले आणि 1907 मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे ते मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे संचालकही झाले आणि 1927 मध्ये मायदेशी परतले.

मॅन यांनी आपले सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांच्याबरोबर नीरेच्या खोऱ्यातल्या बिघडलेल्या जमिनींचा अभ्यास केला. 1910 मध्ये शेतकी खात्याने तो इंग्रजी पुस्तिकेच्या रूपात छापला. ‘नीरा खोऱ्यातील खारट जमिनी’ असे तिच्या नावाचे मराठी करता येईल. एका मराठी तरुण शास्त्रज्ञाचे नाव प्राचार्यांच्या नावाशेजारी पुस्तिकेवर यावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

मॅन यांचे आणखी एक वैशिष्ट्य सांगायला हवे. रसायनशास्त्रज्ञाने माती पाहावी, तिचे पृथक्करण करावे आणि अहवाल द्यावा, एवढ्यावर ते थांबले नाहीत. मातीचा मालक कोण, त्याच्यावर कर्ज किती, त्याच्या रानाचे तुकडे किती, हेही त्यांना कळून घ्यायचे होते. पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव निवडून त्यांनी घराघराची पाहणी केली; 1917 मध्ये ती प्रसिद्ध झाली. जातेगाव बुद्रुकची पाहणी त्यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह केली. ती 1921 मध्ये निघाली. भारतातल्या ग्रामीण पाहण्यांचा इतिहास लिहिताना या दोन पुस्तकांपासून सुरुवात करावी लागते. ती लिहिणारा माणूस मुळात रसायनशास्त्राचा होता, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

चाळीस पोती

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. मीठ आधीपासून होते, की पाण्याबरोबर आले? उत्तर ‘दोन्ही’ असे आहे, आणि ते कसे हे पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडचा काळा खडक, म्हणजे बेसाल्ट, हवापाण्याने झिजतो तेव्हा त्यातून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम बाहेर पडतात. भरपूर पावसाच्या प्रदेशात ते धुऊन समुद्राला मिळतात. कमी पावसाच्या प्रदेशात त्यांतले बरेच मातीच्या खालच्या थरांत साठून राहते. म्हणजे मीठ आधीपासून होते, पण खोल आणि विखुरलेले.

कालव्याचे पाणी गोड लागते. तरी त्यातही क्षार विरघळलेले असतातच. हिशेबासाठी लिटरमागे पाव ग्रॅम धरू. ऊस वर्षभरात रानावर दोन मीटर खोलीइतके पाणी घेतो असे धरू; मोकाट पाणी दिले तर याहून अधिकही लागते. एक एकर म्हणजे सुमारे 4,000 चौरस मीटर. त्यावर दोन मीटर पाणी म्हणजे 8,000 घनमीटर, अर्थात 80 लाख लिटर. लिटरमागे पाव ग्रॅम म्हणजे 2,000 किलो क्षार. पन्नास किलोचे एक पोते धरले तर चाळीस पोती! दर वर्षी, दर एकरी. विहिरीचे पाणी मचूळ असेल, लिटरला एक ग्रॅम क्षार असतील, तर एकशे साठ पोती. हा हिशेब वर्गात फळ्यावर करून दाखवावा. मुले त्यावर सहज विश्वास ठेवत नाहीत आणि पुन्हा पुन्हा करून पाहतात.

यातले पीक फार थोडे उचलते. ऊस आणि ऊन पाणी घेऊन जातात, क्षार मागे राहतात. चहाच्या भांड्यात पाणी आटून आटून पांढरा थर बसतो, तसेच. जमिनीखाली निचरा असेल तर जास्तीचे पाणी हे क्षार खाली ओढून नेते आणि नदीला सोडते. निचरा नसेल, तर पाण्याची पातळी वर चढते. ती जमिनीपासून साधारण दीड मीटरच्या आत आली, की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे केशाकर्षणाने पाणी वर येते, उडून जाते आणि येताना खालचे जुने मीठही घेऊन येते. जुने मीठ आणि नवे मीठ वरच्या वीतभर मातीत एकत्र येतात. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे ‘दोन्ही’ आहे.

एक शेतकरी आणि एक औषधविक्या

मीठ पाण्यात विरघळते. मग भरपूर पाणी देऊन ते धुऊन का टाकू नये? काही जमिनींत हे जमते. पण काही जमिनी धुतल्यावर अधिकच बिघडतात. पाणी मुरेनासे होते, ओली असताना माती साबणासारखी बुळबुळीत होते आणि वाळली की दगड. तिला आपल्याकडे ‘चोपण’ म्हणतात. खारवट आणि चोपण हा भेद शेतकऱ्याच्या भाषेत आहे. त्याचे कारण सापडायला मात्र रसायनशास्त्राला बराच काळ लागला.

ही गोष्ट सुरू होते 1840 च्या दशकात, इंग्लंडमधल्या यॉर्क परगण्यात. एच. एस. थॉम्पसन नावाच्या जमीनदार शेतकऱ्याला प्रश्न पडला होता, की शेणखतातला अमोनिया पावसाने वाहून कसा जात नाही? त्याच्या सांगण्यावरून स्पेन्स या यॉर्कच्या औषधविक्याने एका नळीत माती भरली, तीत अमोनियम सल्फेट मिसळले आणि वरून पाणी सोडले. खाली अमोनियम सल्फेट यायला हवे होते. आले मात्र कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम! मातीने अमोनियम धरून ठेवले आणि त्याच्या बदल्यात आपल्याकडचे कॅल्शियम सोडून दिले. जे. टी. वे या रसायनशास्त्रज्ञाने मग यावर पद्धतशीर प्रयोग केले आणि 1850 पासून ते प्रसिद्ध केले. आयन-विनिमय या नावाने आज आपण जे शिकवतो, त्याची सुरुवात एका शेतकऱ्याच्या प्रश्नातून झाली.

चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. त्यांना कॅल्शियम आयन चिकटलेले असतील तर कण एकमेकांना धरून राहतात, ढेकूळ रवाळ होते, हवा-पाणी खेळते. त्यांची जागा सोडियमने घेतली तर कण सुटे सुटे होतात, पाण्यात तरंगतात आणि मातीतली छिद्रे बुजवून टाकतात. हीच चोपण. रशियात गेड्रॉइट्स यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ही गोष्ट स्पष्ट केली. जिप्सम घातल्याने चोपण सुधारते, हे अमेरिकेत हिल्गार्ड त्यापूर्वीच सांगत होते. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून हुसकावते आणि तयार झालेले सोडियम सल्फेट पाण्याबरोबर निघून जाते. स्पेन्सच्या नळीतून जिप्सम बाहेर पडले होते; इथे तेच आत घालायचे.

पण ‘निघून जाते’ हे शब्द नीट वाचायला हवेत. कुठे निघून जाते? चर नसेल तर कुठेच नाही. जिप्समची पोती टाकली आणि निचरा केला नाही, तर पैसेही गेले आणि जमीनही.

अभियंते, रसायनशास्त्रज्ञ आणि चर

1916 मध्ये मुंबई सरकारने पुण्यात पाटबंधाऱ्यांसाठी एक खास विभाग काढला. त्याची धुरा क्लॉड इंग्लिस या अभियंत्याकडे होती. कालव्यांखालच्या जमिनी पाणथळ का होतात आणि त्या कशा सुधारायच्या, हे त्याच्यापुढचे सुरुवातीचे मोठे काम होते. या विभागातूनच पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था उभी राहिली. आज ती धरणांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृतींसाठी ओळखली जाते. पण तिच्या मुळाशी दख्खनच्या कालव्यांचे पाणी आणि शेतीची गरज यांची सांगड घालण्याचे काम आहे.

आपल्या काळ्या मातीखाली मुरूम असतो आणि त्याखाली खडक. काळ्या मातीतून पाणी फार हळू सरकते, मुरमातून भराभर. म्हणून चर काळ्या मातीतच संपला तर त्याचा उपयोग थोडा. तो मुरमापर्यंत पोचला पाहिजे. ज्याने विहीर खणली आहे, तो शेतकरी हे ऐकल्यावर लगेच मान डोलावतो.

1932 मध्ये नीरेजवळ पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. तिथे जे. के. बसू आणि सिरूर यांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या मातींचे नुसते रंगावरून नव्हे, तर थरांवरून आणि घडणीवरून वर्गीकरण केले. ते 1938 मध्ये प्रसिद्ध झाले. कोणत्या मातीला किती पाणी सोसेल, हे त्यामुळे आधीच सांगता येऊ लागले. त्याच दशकात लासुर्ण्याजवळ कळंबच्या माळावर वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले. उसाचा पसारा वाढत गेला.

म्हणजे रोगाचे वर्णन 1910 पर्यंत झाले होते. कारण आणि औषध 1940 च्या आधी हाती आले होते. तरीही आज पांढरे पट्टे आहेतच. ते का?

साहेब, वरचं पाणी कोण थांबवणार?

काही वर्षांपूर्वी आम्ही याच भागात एका सभेत क्षारपड जमिनींवर भाषण दिले होते. आयन-विनिमयाची आकृती दाखवली, जिप्समची समीकरणे मांडली. लोकांनी शांतपणे ऐकून घेतले. शेवटी एक वयस्कर शेतकरी उठून म्हणाले, ‘साहेब, तुमचं सगळं खरं. पण माझं रान खाली आहे. वरचा मोकाट पाणी देतो, ते माझ्या रानात उपळतं. माझ्या रानात चर काढला तर त्याचं पाणी खालच्याच्या रानात जाणार, तो काढू देईना. तुमच्या समीकरणात वरचा कुठं आहे?’

आमच्याजवळ उत्तर नव्हते. खरे तर आम्ही त्या दृष्टीने विचारच केला नव्हता. आम्ही मातीचा एक नमुना पाहत होतो आणि ते एक खोरे पाहत होते. मॅन जमिनीच्या पृथक्करणाकडून गावाच्या पाहणीकडे का वळले असतील, ते आम्हाला त्या दिवशी उमगले.

मीठ जमिनीच्या हद्दी पाळत नाही. निचऱ्याचा चर एकट्याला काढता येत नाही. तो ओढ्यापर्यंत न्यायचा तर दहा-वीस जणांची संमती लागते. पाणी वाचवले तर फायदा खालच्याचा, उधळले तर तोटाही खालच्याचा. अशा प्रश्नात ज्ञान एका माणसाकडे असून भागत नाही, ते सगळ्या पाणलोटाला एकाच वेळी असावे लागते. 1910 ची पुस्तिका इंग्रजीत होती आणि ती वाचणारे थोडे होते. आमचे भाषण मराठीत होते; पण तेही एका अर्थाने इंग्रजीतच होते.

रसायनशास्त्रज्ञांच्या जगात गेल्या काही दशकांत ‘हरित रसायनशास्त्रा’चा विचार रुजला आहे. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी 1998 मध्ये त्याची बारा तत्त्वे मांडली. पहिले तत्त्व असे, की घाण करून मग ती निस्तरण्यापेक्षा ती होऊच न देणे बरे. कारखान्यातल्या अभिक्रियांसाठी सांगितलेली ही गोष्ट नीरेच्या काठालाही तंतोतंत लागू आहे. एकदा चोपण झालेली जमीन सुधारायला जिप्सम, चर, हिरवळीची खते आणि कित्येक वर्षे लागतात. ती होऊ न देण्यासाठी बेताचे पाणी पुरते. ठिबकने पाणी कमी लागते, त्यामुळे पोतीही कमी येतात. पण शून्य होत नाहीत, हेही सांगायला हवे. उलट ओल्या भागाच्या कडेला क्षार साठतात आणि चांगल्या पावसाने किंवा मुद्दाम दिलेल्या पाण्याने ते अधूनमधून खाली ढकलावे लागतात.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. मेसोपोटेमियाच्या दक्षिण भागात गव्हाची जागा हळूहळू सातूने घेतली, कारण सातू खारटपणा अधिक सोसतो, अशी मांडणी याकोब्सेन आणि अ‍ॅडम्स या संशोधकांनी 1958 मध्ये केली. त्यावर पुढे वादही झाले; पण कालव्याखालच्या जमिनींत मीठ साठते, याबद्दल वाद नाही. आपल्या देशात 1969 मध्ये कर्नालला क्षारयुक्त मातीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था निघाली आणि 2009 मध्ये बारामतीजवळ माळेगावला पिकांवरील अजैविक ताणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आली. दुष्काळाप्रमाणेच खारटपणा हाही असा एक ताण. मॅन आणि ताम्हाणे ज्या खोऱ्यात हिंडले, तिथेच आज प्रयोगशाळा आहे.

शाळेत काय करता येईल?

पुष्कळ करता येईल, आणि त्याला खर्च फारसा नाही.

पांढऱ्या थराचा चमचाभर नमुना ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून गाळा. गाळलेल्या पाण्याचे थेंब काचपट्टीवर आटवले की स्फटिक दिसतील. थोड्या पाण्यात विरल नायट्रिक आम्ल आणि मग सिल्व्हर नायट्रेट घातले व पांढरा साका आला तर क्लोराइड आहे. दुसऱ्या भागात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बेरियम क्लोराइड घालून पांढरा साका आला तर सल्फेट. आम्ल घालताना बुडबुडे आले तर कार्बोनेट. बेरियमची लवणे विषारी आहेत. ती परीक्षा शिक्षकांनी स्वतः करावी. फिनॉल्फ्थॅलीनने पाणी गुलाबी झाले तर सोड्याची, म्हणजे चोपणाची शंका घ्यावी.

दुसरा प्रयोग याहून सोपा. दोन पारदर्शक बाटल्यांत चोपण मातीचे सारखे ढेकूळ घाला आणि दोन्हींत पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी भरा. एकीत चमचाभर जिप्सम टाका. दोन्ही हलवून रात्रभर ठेवा. सकाळी एक बाटली गढूळच असेल आणि जिप्समच्या बाटलीत माती तळाशी बसून वर पाणी नितळ झालेले असेल. आयन-विनिमय शिकवायला याहून चांगला तास आम्हाला माहीत नाही.

तिसरे काम वर्गाबाहेरचे आहे. मुलांनी आपापल्या विहिरीतली पाण्याची पातळी दर महिन्याला दोरीने मोजावी, तारीख घालून वहीत लिहावी आणि गावाच्या नकाशावर मांडावी. पहिल्या वर्षी त्यातून फार काही दिसणार नाही. तीन-चार वर्षांनी कोणत्या अंगाला पाणी वर येते आहे, ते मीठ फुटण्याआधी कळेल. तो नकाशा ग्रामसभेच्या भिंतीवर लावला, तर त्या वयस्कर शेतकऱ्याचा ‘वरचा’ आणि ‘खालचा’ एकाच कागदावर येतील. मग बोलणे सुरू होईल. तिथून पुढचे काम रसायनशास्त्राचे नाही. पण तिथवर नेण्याचे काम त्याचेच आहे.

त्या मागच्या बाकावरच्या मुलीने आमच्यासमोरच वहीचे पहिले पान भरले. तिच्या विहिरीचे पाणी काठापासून अकरा हात खाली होते.